दुर्गाबाईचं वाळवण

दुर्गाबाई बहिणीच्या घरी कधी रिकाम्या हातानं गेली नव्हती. आज तर ती मागायला निघाली होती, म्हणून पिशवी नेहमीपेक्षा जड भरली गेली. तळाशी ज्वारीच्या खारोड्या, त्यावर कुरोड्यांचा डबा, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेले उडदाचे पापड, आणि सगळ्यांत वर कैरीच्या लोणच्याची बरणी. बरणीच्या तोंडाला प्लास्टिक लावून ती दोरा आवळत होती. गाठ मनासारखी बसेना. सोडायची, पुन्हा बांधायची.

अकोल्याच्या जुन्या शहरातली ती भाड्याची खोली एवढीशी, की कॉटवर पडलेल्या प्रीतमला सगळं दिसत होतं.

"किती भरशील व माय? पिंट्याचं लगन लागलं काय?"

"चूप बस. त्याले आवडते म्हणून नेतो."

"लोनच्याच्या बरनीवर किडनी! असा सौदा तं जनता बाजारातबी नाई जमत."

"काहीबी बोलता तुमी," त्याची बायको भावना गॅसजवळून म्हणाली. ती त्याच्यासाठी छोट्या गंजात बिनमिठाचं वरण वेगळं करत होती.

"बोलू दे. पथ्य खायाचं हाय, बोलाचं नाई." प्रीतम हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली.

पस्तिशीतला गडी. लग्नाच्या मांडवांना लाइटिंग करायचा. तोंडात वायर धरून बांबूवर असा सरसर चढायचा, की खाली वऱ्हाडातली पोरं माना वर करून बघत राहायची. आता डायलिसिसच्या मशीनवर जाऊन आला की पिळून टाकलेल्या धडप्यासारखा कॉटवर पडून असायचा. चेहऱ्याला मातकट रंग चढला होता. पाणी मोजून. तहान असह्य झाली की बर्फाचा एक खडा तोंडात. डाव्या हाताची शीर मशीनच्या सुईसाठी फुगवून ठेवली होती, ती आतून सारखी घरघरायची. सहा वर्षांची दीक्षा त्या शिरेला कान लावून बसायची. 'माह्या बाबाच्या हातात भवरा हाय,' असं ती शाळेत सांगून आली होती.

मशीन ही कुबडी आहे, असं दवाखान्यात सांगितलं होतं. घरातल्या कोणी किडनी दिली तर माणूस पुन्हा उभा राहील. दुर्गाबाईनं तिथल्या तिथे बाही वर केली होती. तिचं बीपी बघून डॉक्टरांनी मान हलवली. "आजी, तुमच्या तुम्हालाच पुरल्या तरी खूप." भावनाचा रक्तगट जुळला नाही. मेलेल्या माणसाची मिळावी म्हणून मोठ्या दवाखान्याच्या यादीत नाव घातलं होतं. पण नाव घातलेली माणसं यादीतच म्हातारी होतात, नाहीतर होतच नाहीत, हे मशीनवरच्या इतर पेशंटांकडून घरी कळलं होतं. उरला पिंटू. प्रीतमचा सख्खा भाऊ. अमरावतीच्या शकुनमावशीकडे वाढलेला.

बस मूर्तिजापूरच्या पुढे गेली तरी दुर्गाबाईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

हा मुलगा तिनं का दिला, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

पूर्णेच्या काठच्या त्या गावात विहीर खोदली की खारंच पाणी लागायचं. तुरीची डाळ त्या पाण्यात सकाळपासून चुलीवर ठेवा, संध्याकाळी दाणा न् दाणा वेगळा. साबणाला फेस नाही. चहात दूध घातलं की फाटायचं. तरी माणसं तेच पाणी प्यायची, कारण दुसरं नव्हतं. नळाचं पाणी फार पुढं आलं. दुर्गाबाई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा सासरा पाय सुजून, तोंड सुजून गेला होता. मग दीर गेला. मग एक दिवस तिचा नवरा धर्मपाल कामावरून आला, त्यानं चप्पल काढली आणि पायावर चपलेचा पट्टा तसाच उमटून राहिला. तिनं बोटानं दाबून पाहिलं. खड्डा पडला, तो भरून येईना.

"या घराले पान्यानं खाल्लं," शेजारीण म्हणाली. साऱ्या गावाचंच असं म्हणणं होतं.

पिंटू तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. शकुनला मूलबाळ नव्हतं. अमरावतीला नळ होता, धरणाचं गोडं पाणी होतं. एका दुपारी दुर्गाबाईनं धाकट्याला कडेवर घेतलं आणि बस धरली. मोठा प्रीतम तेव्हा शाळेत जायचा. हापशावरून कळशी आणायचा, बापाला धरून परसाकडे न्यायचा. मोठा कामाचा होता, म्हणून मोठा तिथेच राहिला.

फाट्यावर सोडायला तोच आला होता. "मी कवा जाईन मावशीकडं?"

"पुढच्या साली."

त्यानं मान डोलावली होती. एवढंच. पुढच्या साली धर्मपाल अंथरुणाला खिळला, त्याच्या पुढच्या साली गेला, आणि प्रीतमनं पुन्हा कधी विचारलं नाही.

नवऱ्यामागे दुर्गाबाई पापड लाटून जगली. तिच्या हाताला चव होती. खार किती, मीठ किती, हिंग कधी, हे तिला बोटांनी कळायचं. पुढे प्रीतमबरोबर ती अकोल्याला आली तेव्हा इथल्याही बायका उन्हाळा लागला की तिलाच बोलवायच्या. आणि दरसाल पहिलं वाळवण अमरावतीला जायचं. दुसऱ्यांचे पापड बेतानं, पिंटूचे सढळ. पोरगं तिला 'मोठीआई' म्हणायचं आणि शकुनला 'आई'. त्याचं तिला काही वाटून घ्यायचं नव्हतं. तो जेवायला बसला की ताटात आपल्या हातचं काहीतरी असतं, हे ती अकोल्यात पापड लाटता लाटता मनाशी बघायची.

शकुननं दार उघडलं आणि आधी बहिणीच्या तोंडाकडे न बघता पिशवीकडे बघितलं.

"जय भीम, बाई. इतलं कायले आनलं?"

"असंच."

गोवर्धन, शकुनचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला. तो खुर्चीतून उठला, प्रीतमची तब्येत विचारली, आणि उत्तर ऐकून न ऐकल्यासारखा पाणी आणायला आत गेला. पाण्याचा गिलास दुर्गाबाईच्या हातात आला तेव्हा शकुननं बोलायला सुरुवात केली.

"भावनाचा फोन आलता. म्हंजे तिनं सांगतलं नाई. पन तिच्या आवाजावरून मी समजली तू कायले येऊन राहिली ते."

"मंग बरं झालं. मले तोंड उघडाचं काम नाई पडलं."

"उघड ना तोंड! उघड!" शकुनचा आवाज चढला. "देतानी तू त्याले माह्या पदरात टाकून गेली. वळून नाई पाह्यलं. दूध तुटलेलं पोट्टं, रातभर फाट्याच्या बशीची वाट पाहे. तवा तू माय नव्हती. आता मांगतानी माय झाली?"

"शकुन, त्याचा भाऊ मरन."

"अन हा मेला तं?"

"एका किडनीवर मानूस जगते. डाक्टर म्हनते."

"तुह्या घरचे लोक दोन-दोन असून नाई जगले, बाई!"

 आतून गोवर्धननं कपाटाचं दार उगाच उघडून लावलं. दुर्गाबाईला बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं, म्हणून तिला रागही धरता येईना. ती पिशवीतून एकेक जिन्नस काढून ओट्यावर ठेवत राहिली. शकुन पदरानं डोळे पुसत होती आणि त्याच हातानं खारोड्यांचा डबा उघडून वास घेत होती.

"औंदा तीळ जास्त टाकले का?"

"थोडेसे."

तेवढ्यात पिंटू आला. मोबाइल टॉवरच्या कंपनीत होता. रात्री-बेरात्री जायचा, दिवसा यायचा. अंगानं सुटलेला, गोरटेला, कपाळाला रुमाल आवळून बांधलेला, हातात कागदात बांधलेले गिला वडे. दुर्गाबाईला बघून त्याचं तोंड फुललं.

"मोठीआई! कवा आली? आई, पापड भाज पाह्य. गिला वड्यासंग मस्त लागते."

"डोक्याले काय झालं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काही नाई. झोप नाई झाली का दुखते. बाम लावला." तो पाटावर बसला. पापड मोडला, लोणच्याची बरणी सोडली, खार बोटानं चाखला आणि डोळे मिटले. "लय भारी. आईले नाई जमत असं."

"हाव, आईले काहीच नाई जमत," शकुन म्हणाली.

दुर्गाबाई त्याला खाताना बघत होती. कानशिलं धर्मपालची. बोटं धर्मपालची. पण गाल भरलेले, रंग उजळ. गोड्या पाण्याचं पोरगं. तिला वाटलं, इतक्या वर्षांत एवढी एकच गोष्ट आपल्या हातून नीट झाली. आणि त्याच गोष्टीतला अर्धा हिस्सा आपण कापून मागायला आलो आहोत.

"पिंटू," ती म्हणाली.

पिंटूनंच लोणच्याची फोड चावता चावता म्हटलं, "दादासाठी आली ना? मी मोबाइलवर पाह्यलं सारं. दोन हायेत, एक देऊन टाकू. त्याच्यात काय?"

"त्याच्यात काय म्हनते!" शकुन किंचाळली. "लगन व्हाचं हाय तुहं!"

"बायकोले मोजून दाखवाच्या हायेत का, आई?" तो हसला. मग हात धुऊन शकुनच्या जवळ गेला. "तो खाऱ्या पान्यात राह्यला, मी इकडे आलो. मले इकडे आनलं म्हणून तो तिकडे राह्यला. हे मले लहानपनीच समजलं होतं. मले कोनी सांगतलं नाई, तरी."

 दुर्गाबाईनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींकडे बघितलं, आणि नकळत हात जोडले गेले. त्या दिवशी तिला खूप वर्षांनी कडकडून भूक लागली.

अमरावतीच्याच दवाखान्यात तपासणी करायची ठरली, म्हणून दुर्गाबाई तिथेच राहिली. नर्सनं पिंटूच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग "जरा बसा, घाबरू नका," असं म्हणून आत गेली.

"मी कोठी घाबरलो?" पिंटू म्हणाला.

रक्त घेतलं, लघवी घेतली. पुन्हा बोलावलं. पुन्हा पट्टा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पिंटू आणि दोघी बहिणी, तिघांनाही आत घेतलं. तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलायची सावकाश.

"पिंटूभाऊ, तुमची किडनी घेता येणार नाही. तुमचं बीपी बरंच जास्त आहे, आणि ते आजचं नाही. लघवीतून प्रोटीन जायला लागलंय. किडनीवर थोडा परिणाम सुरू झालाय."

दुर्गाबाईला आधी वाटलं, बाईंच्या हातात दुसऱ्या कोणाचा कागद आला.

"तो नाई, बाई. आजारी तो नाई. आजारी अकोल्याले हाय. यानं आमचं पानी पेलंच नाई."

"कोणतं पाणी?"

तिनं सांगितलं. विहीर, डाळ, सासरा, दीर, धर्मपालच्या पायावरचा पट्टा. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "आणि तुमच्या माहेरी? तुम्हाला बीपी आहे?"

"मले हाय. पन मले तं आता आता..."

"मीबी गोळी खातो," शकुन हळूच म्हणाली.

"तुमच्या आईला?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांची आई एका सकाळी अंगणात भांडी घासता घासता आडवी झाली होती. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, आणि आठवड्याभरात गेली. 'लकवा मारला,' असं सगळे म्हणाले होते. तिला कधी कोणी दंडाला पट्टा लावून बघितलं नव्हतं.

दुर्गाबाईनं आयुष्यभर हा आजार सासरचा मानला होता. त्यांच्या घरचं, त्यांच्या विहिरीचं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"म्हंजे माह्याकडून गेलं?"

"एका कोणाकडून नाही जात, आजी. थोडं वडिलांकडून येतं, थोडं आईकडून. ते अंगात असतं, पण नुसतं असून चालत नाही. मग पाणी, खाणं, मीठ, वजन, झोप, हे सगळं त्यावर बसत जातं. तुमच्या मोठ्या मुलावर एक बसलं, यांच्यावर दुसरं."

"मंग यातलं कोनतं एक काढलं असतं, तं माही पोरं वाचली असती?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेवढं नेमकं मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही." मग त्या पिंटूकडे वळल्या. "तुमचं हाताबाहेर गेलेलं नाही. गोळी रोज. रात्रपाळी बदलून मिळते का बघा. वजन उतरवा. आणि मीठ. जेवणात काय काय असतं?"

 शकुननंच उत्तर दिलं. "पापड असते. लोनचं असते. त्याच्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाई."

"रोज?"

"दोन्ही टाइम. हिच्या हातचं. वर्सभर पुरते." शकुननं बहिणीकडे बोट दाखवलं नाही, पण डॉक्टरीणबाईंची नजर तिकडे गेलीच.

"पापडानं झालं असं म्हणत नाही मी," त्या घाईनं म्हणाल्या. "पण बंद करा."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. पिंटू गोळ्या आणायला गेला होता. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळाचं पोस्टर होतं. मीठ आजाऱ्याला वाईट, धडधाकट माणसाचं ते काय करणार, असं दुर्गाबाई समजत आली होती. प्रीतमच्या ताटातलं मीठ तिनं स्वतः बंद केलं होतं आणि त्याच हातानं धाकट्याच्या पापडात सढळ टाकलं होतं.

"बाई," शकुन म्हणाली. "एक सांगू?"

"आता काय राह्यलं सांगाचं?"

"तू त्याले सोडून गेली ना, तं हा पानीच पेत नव्हता. ओठाले गिलास लावला का थुंके. 'हे पानी नाई' म्हने. त्याले आपलं खारं पानी ठाऊक, इथलं अळनी लागे. दोन दिवस झाले, ओठ सुकले, लघवी होईना. मी भेली. मंग मी गिलासात चिमूटभर मीठ टाकलं."

दुर्गाबाईनं मान वळवली.

"घटाघटा पेला, बाई. सारा गिलास पेला. मी यांले हाका मारल्या, पाहा म्हनलं, पोरगं पानी पेलं! मले वाटलं, आता हा माहा झाला."

"किती दिवस टाकलं?"

"शाळेत जाईलोक. मंग त्यानंच सोडलं." शकुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "मीनं केलं का गं हे?"

दुर्गाबाईच्या मनात आलं, की हिच्या थोबाडीत द्यावी. लगेच मनात आलं, की हिच्या जागी आपण असतो तर चिमूटभर नसतं टाकलं, मूठभर टाकलं असतं. पाण्यापासून पळवून आणलेल्या पोराच्या मागं ते पाणी गिलासात येऊन बसलं होतं, आणि दरसाल पिशवीतून. तिनं बहिणीच्या हातावर हात ठेवायला उचलला, पण तो अर्ध्यातच मांडीवर पडला.

"तुह्यानं एकटीनं नाई झालं," ती म्हणाली. 

पिंटू गोळ्यांची पुडी हलवत आला. "काऊन मयतीवानी बसल्या दोघी? मी जित्ता हाव." पण त्याचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. जवळ येऊन तो उकिडवा बसला. "मोठीआई, दादाले मी सांगू का?"

"नको. मीच सांगतो."

"मले द्याची होती. मनापासून."

"माहीत हाय, बापा."

निघताना शकुननं ओट्यावरचे जिन्नस पुन्हा पिशवीत भरले. खारोड्या, कुरोड्या, पापड. खाली मान घालून भरत होती. लोणच्याच्या बरणीला तिनंच दोरा बांधला. "वापस ने, बाई. घरात राह्यलं तं तो खाईन." गोवर्धन बसस्टँडपर्यंत पिशवी उचलून आला आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

खोलीच्या दारात दुर्गाबाई आली तेव्हा प्रीतम नुकताच मशीनवरून आला होता. डोळे मिटून पडला होता. चपलांचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले, आईच्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या पिशवीकडे. बरणीचं तोंड वर आलेलं होतं.

"बरनी वापस आली," तो म्हणाला. "म्हंजे सौदा फसला."

भावना ओट्याशी होती, तिचा हात थांबला.

"त्यानं 'नाई' नाई म्हनलं," दुर्गाबाई घाईघाईनं म्हणाली. "तो लगेच हो म्हनला. त्याले काही बोलू नको. त्याचंच बीपी निंघालं. त्याच्या किडनीले..."  मग तिनं सगळंच सांगून टाकलं, उभ्या उभ्या. आपल्या आईचा लकवा, पापड, गिलासातलं मीठ. भावना मध्येच खाली बसली.

प्रीतमनं सगळं ऐकून घेतलं.  मग हसला.

"मले सदा वाटे, माय, वाटनीत तू त्याच्यावाल्या हिशाले चांगलं टाकलं, अन माह्या हिशाले विहीर. मी बोललो नाई कधी. पन वाटे." त्यानं वाटीतला बर्फाचा खडा तोंडात टाकला. "आता समजलं. वाटनी बरोबर झाली. बापाचं दोघाईलेबी भेटलं."

"प्रीतम, मी तुले..."

"राहू दे."

"मी तुलेबी नेनार होती. पुढच्या साली."

"राहू दे म्हनतो ना, माय." त्यानं तोंड भिंतीकडे केलं. पाठ हलत होती. भावना उठून त्याच्या पायाशी जाऊन बसली. दुर्गाबाई होती तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात कुरकुर आवाज आला. कोपऱ्यात दीक्षा पिशवीत हात घालून खारोडी खात होती. कच्चीच, कडकड चावून, मिठानं पांढरी झालेली बोटं चाटत. अगदी पिंटूसारखे डोळे मिटून.

दुर्गाबाईनं झेप घातली. खारोडी पोरीच्या मुठीतून ओढली, तोंडातही बोट घालून उरलेली काढली. दीक्षा आधी दचकली, मग भोकाड पसरून रडायला लागली.

"आई, काऊन हिसकावता जी? लेकरू हाय ते," भावना म्हणाली.

 दुर्गाबाईनं पिशवी उचलून माळ्यावर ढकलली. मग ओट्यावरचा छोटा गंज घेतला, प्रीतमचा, बिनमिठाच्या वरणाचा. ताटलीत भात घेतला, त्यावर ते वरण ओतलं, आणि दीक्षाला ओढून मांडीवर घेतलं.

"खाय."

पोरीनं हुंदके देत घास घेतला. जिभेवर फिरवला. तोंड वाकडं केलं आणि सगळा घास ताटलीत थुंकला.

"हे बाबाचं हाय. अळनी हाय."

"असंच खायाचं."

"नाई."

"असंच खाय म्हनतो ना!"

आजी कधी ओरडत नसे. दीक्षा मांडीवरच मागे सरकली. भिंतीकडून प्रीतमचा आवाज आला, "पोरीले कायले छळतं, माय? तिले कुठी काय झालं?"

"म्हनूनच," दुर्गाबाई म्हणाली.

तिनं तोच भात पुन्हा कालवला, नवा घास केला आणि पोरीच्या ओठांशी नेला. दीक्षानं बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं.  तिनं डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. घास गळ्याखाली उतरेपर्यंत दुर्गाबाई तिच्या इवल्याशा गळ्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःही एक घास घेतला. इतकी वर्षं पापडाच्या पिठात बोट बुडवून चव घेणारी तिची जीभ तो घास घेईना. तिनं तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला.

"आजी," दीक्षा बारीक आवाजात म्हणाली, "उद्या मीठ टाकशीन?"

दुर्गाबाईनं पुढचा घास केला होता. तो पोरीच्या तोंडापुढे धरून ती बसून राहिली. हात भरून आला, तरी तिनं तो खाली घेतला नाही.